सोलापूरचा वेढा, मे 1818 : भक्कम किल्ला पाच दिवसांत का पडला?

इंग्रजांचा ब्रिगेडियर जनरल थॉमस मन्रो 9 मे 1818 रोजी पेशव्यांच्या ताब्यातल्या सोलापूरपुढे येऊन ठाकला आणि 15 मे रोजी भुईकोटाच्या, म्हणजे सपाटीवरच्या किल्ल्याच्या, शिबंदीने (किल्ल्यातल्या फौजेने) कौल म्हणजे अभयवचन घेऊन किल्ला खाली केला. किल्ल्यालगतच्या वस्तीवरचा, म्हणजे पेठेवरचा, पहिला हल्ला 10 तारखेच्या पहाटे झाला. म्हणजे प्रत्यक्ष झुंज धरली तर सगळा व्यवहार पाच दिवसांत आटोपला. महिनाभर आधी याच मन्रोला बेळगावच्या किल्ल्यासाठी तीन आठवडे खर्ची घालावे लागले होते. तो किल्ला 10 एप्रिलला हाती आला. बेळगावात आत शिबंदी होती, बाहेर कोणी नव्हते. सोलापुरात आत सुमारे हजारभर शिबंदी होतीच, शिवाय तटाखाली पेशव्यांचे पाच हजारांहून अधिक पायदळ, आठ-नऊशे स्वार आणि डझनाहून अधिक मैदानी तोफा तळ देऊन बसल्या होत्या. या पायदळात बाराशेच्या आसपास पगारी अरब होते, आणि तटामागून लढण्यात त्या काळी अरबांचा हात धरणारे फार थोडे होते. एवढे बळ असताना सोलापूर बेळगावपेक्षा लवकर का पडले, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

'इंग्रजांच्या तोफांपुढे जुने किल्ले टिकले नाहीत' हे उत्तर आपल्याकडे सहज दिले जाते. सोलापूरच्या बाबतीत ते अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोफांनी तट फोडला हे खरे, पण तट फुटण्याच्या चार दिवस आधीच, 10 मेच्या संध्याकाळी, या वेढ्याचा निकाल लागलेला होता, आणि तो लागला तो पेठेच्या गल्ल्यांत आणि सीना नदीकडे जाणाऱ्या उघड्या माळावर.

जागा आणि तिची ताकद

सोलापूरचा किल्ला सपाट जमिनीवरचा आहे. डोंगरी किल्ल्याला उंचीचे जे नैसर्गिक संरक्षण मिळते ते इथे नाही, आणि म्हणून बांधणाऱ्यांनी सगळी भिस्त पाण्यावर आणि दगडावर ठेवली. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, उरलेल्या तिन्ही अंगांना पाण्याने भरलेला शंभर ते दीडशे फूट रुंदीचा खंदक, आणि त्याच्या आत एकामागे एक असे दोन तट. बाहेरचा तट चौदाव्या शतकातला, बहमनी अमदानीतला मानला जातो. दोन तटांमधली मोकळी पट्टी दहा ते वीस यार्डांची आहे. आजही त्या पट्टीत उभे राहून वर पाहिले की या रचनेतला डाव लक्षात येतो : बाहेरचा तट चढून किंवा फोडून आत आलेला शत्रू या अरुंद वाटेत अडकतो, त्याच्या पाठीशी खंदकाचे पाणी राहते, आणि आतल्या उंच तटाच्या जंग्यांतून (बंदुका रोखण्याच्या छिद्रांतून) त्याच्यावर नेम धरणे सोपे जाते. तटाच्या बांधकामात जुन्या देवळांचे कोरीव दगड ठिकठिकाणी बसवलेले आहेत. एखाद्या बुरुजात मध्येच वेलबुट्टीची पट्टी किंवा एखाद्या खांबाचा तुकडा दिसतो.

पाण्याने भरलेल्या खंदकाचे महत्त्व आज पटकन ध्यानात येत नाही. तोफा कमजोर होत्या त्या काळात भुईकोट घेण्याचे खात्रीचे मार्ग दोनच होते. एक म्हणजे तटाखाली सुरुंग पोचवून तो उडवणे, आणि दुसरा म्हणजे शिड्या लावून सुलतानढवा म्हणजे एकदम मोठा हल्ला करणे. खंदकात पाणी असले की सुरुंगाची वाट ओलाव्याने बंद होते आणि शिडी टेकवायला पाय ठेवण्याची जागा उरत नाही. सोलापूरसाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या आणि तलवारीने जे साधेना ते लग्नाच्या बोलण्यांत मागून घेऊ लागल्या, यातच या बांधणीचे बळ दिसते. 1524 मध्ये बुऱ्हाण निजामशहाला आदिलशाही घराण्याची मुलगी दिली तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते, पण प्रत्यक्षात ते दिले गेले नाही, आणि त्यावरून पुढे लढाया झाल्या. तालिकोटच्या लढाईआधी चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून खरोखरच विजापूरकडे गेला.

1818 सालच्या दृष्टीने मात्र या बांधणीत एक मोठी उणीव होती, आणि ती दगडातली नव्हती. किल्ल्याला लागून पेठ वाढली होती. पेठेला स्वतःचा तट होता, तिचे दोन भाग होते, आणि त्यातला एक भाग थेट किल्ल्याला भिडलेला होता. पेठ आपल्या ताब्यात असेतोवर ती किल्ल्याची ढाल होती. शत्रूच्या हाती गेली की तीच घरे आणि त्याच भिंती त्याला तटाच्या अगदी जवळ, गोळीपासून सुरक्षित अशी जागा देणार होत्या.

फौज सोलापुरात का आली

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाला 5 नोव्हेंबर 1817 च्या खडकीच्या लढाईने तोंड फुटले. त्यानंतर पुणे गेले, 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावची लढाई झाली, फेब्रुवारीत सातारा इंग्रजांच्या हाती गेला, आणि 20 फेब्रुवारीला आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीजवळ पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती आले. मार्चमध्ये सिंहगड आणि पुरंदरही गेले.

आष्टीनंतर पेशवा दुसरा बाजीराव घोडदळ घेऊन उत्तरेकडे निघून गेला. पाठलाग चुकवायचा तर वेग हवा, आणि वेग हवा तर बैल जुंपलेले तोफगाडे आणि पायदळ बरोबर नेता येत नाही. या अडचणीला जे उत्तर दिले गेले ते त्या क्षणी व्यवहारी वाटले असेल : घोडदळ धन्याबरोबर, आणि पायदळ व तोफखाना सोलापूरच्या आसऱ्याला. पण त्यामुळे एका फौजेचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकडे अपंग राहिले. बाजीरावाकडे उरले ते पळू शकणारे पण कुठेही पाय रोवून उभे न राहू शकणारे घोडदळ. सोलापुरात राहिले ते उभे राहू शकणारे, पण प्रसंग पडला तर माघार घेऊ न शकणारे पायदळ. उघड्या देशात पायदळाच्या माघारीला आडोसा देणे हे घोडदळाचे काम असते, आणि आठ-नऊशे स्वारांनी ते निभणारे नव्हते.

या फौजेचा सरदार गणपतराव पानसे होता. पानसे घराण्याकडे पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारी पिढीजात होती. सासवडजवळच्या सोनोरीचा मल्हारगड याच घराण्याने बांधला. म्हणजे पुणे दरबाराची जी थोडीफार तोफविद्या शिल्लक होती ती या माणसाभोवती सोलापुरात गोळा झालेली होती. गणपतरावाच्या शौर्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि ते पुढे दिसून येतेच. त्याच्यापुढचा पेच वेगळा होता. धनी शेकडो कोस दूर, पुढचा हुकूम काय याचा पत्ता नाही, पगारी अरब हाताखाली, आणि किल्ला राखायचा की फौज राखायची याचा निर्णय त्यालाच करायचा.

मन्रोची चाल

मन्रो या वेळी छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याचे नाव तोवर लढाईपेक्षा मुलकी कारभारासाठी अधिक ओळखले जात असे. युद्धाच्या सुरुवातीला त्याच्याजवळ नाव घेण्याजोगी फौजही नव्हती. धारवाडकडच्या मुलखात त्याने स्थानिक शिपाई आणि प्यादे गोळा करून ठाणी घेत नेली, 18 फेब्रुवारीला बदामी घेतली, नंतर बेळगाव घेतले, आणि मग जनरल प्रिट्झलरची तुकडी त्याला येऊन मिळाली. त्यानंतर सोलापूरचा रस्ता धरला. त्याच्या फौजेत युरोपियन पलटणींचे लोक आणि ड्रॅगून स्वार होते, पण शिपायांचा मोठा भाग मद्रास इलाख्यातल्या देशी पलटणींचा होता.

हल्ल्याआधी मन्रोने एका देशी सुभेदाराला तहाचे निशाण घेऊन बोलणी करायला पाठवले. किल्ल्यातल्या लोकांनी त्याला ठार मारले. वकिलाला हात लावायचा नाही हा सगळ्या पक्षांना मान्य असलेला शिरस्ता होता, आणि तो मोडणारी ही कृती निंद्यच होती. त्यात एका माणसाचा अकारण जीव गेला. सैनिकी दृष्टीनेही तिने काही साधले नाही. बोलणी लांबवणे हे वेढ्यात सापडलेल्या बाजूचे मोठे हत्यार असते. पावसाळा महिन्याभरावर आला होता, आणि काळ्या मातीच्या या मुलखात एकदा पाऊस लागला की जड तोफा ओढणे अशक्य होते. बोलण्यांत घालवलेला प्रत्येक दिवस सोलापूरकरांच्या पथ्यावर पडला असता.

गणपतरावाचा तळ तलावाच्या बांधाच्या आडोशाने, किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्याखाली होता. त्याच्यावर समोरून चालून जाणे म्हणजे बांधामागच्या बंदुका आणि बुरुजांवरच्या तोफा असा दुहेरी मारा अंगावर घेणे. मन्रोने ते टाळले. 10 मेच्या पहाटे त्याने दोन तुकड्या शिड्या देऊन पेठेच्या तटावर घातल्या आणि एक राखीव तुकडी बाहेर, हाताशी ठेवली. पेठेचा तट इंग्रजांनी चढून घेतला, आतली झुंज गल्लोगल्ली सरकू लागली. इथे गणपतरावाने या वेढ्यातला मराठ्यांचा सर्वांत धाडसी डाव टाकला. आपली सुरक्षित जागा सोडून, काही शे लोक आणि तोफा घेऊन तो वळसा घालून बाहेर आला आणि पेठेत गुंतलेल्या इंग्रजांच्या बगलेवर त्याने मारा सुरू केला.

डाव चुकीचा नव्हता. पेठ गेली की तळाची एक बाजू उघडी पडणार हे त्याने ओळखले होते, आणि शत्रू दोन ठिकाणी विभागलेला असताना त्याला मारण्याची हीच घटका होती. पण मन्रोने राखीव तुकडी याच प्रसंगासाठी जपली होती. तिच्या अग्रभागी तो स्वतः चालला, संगिनी रोखून हल्ला झाला, आणि गणपतरावाची तुकडी मागे रेटली गेली. काही तोफा हातच्या गेल्या. गणपतराव जबर जखमी झाला आणि त्याच्या हाताखालचा दुय्यम सरदार तोफेच्या गोळ्याने पडला.

दुपार ते संध्याकाळ

माझ्या मते या वेढ्यातला निर्णायक काळ हाच आहे, आणि आपल्याकडे तो एका ओळीत उरकला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे.

गणपतराव जखमी, दुय्यम ठार, पेठेचा मोठा भाग शत्रूच्या हाती. तटाखालच्या फौजेला हुकूम देणारा अधिकारी माणूस उरला नव्हता. अशा वेळी तीन वाटा होत्या. पहिली, जेवढे मावतील तेवढे लोक किल्ल्यात घेऊन दार लावून घेणे. दुसरी, अंधार पडेपर्यंत बांधामागे टिकून राहणे आणि रात्री निघणे. किल्ल्याच्या तोफा पाठीशी असताना दिवसाचे उरलेले काही तास काढणे अवघड होते, पण अशक्य नव्हते. तिसरी, उजेडातच निघणे. फौजेने तिसरी वाट धरली. दुपारीच तळ मोडून ती पश्चिमेकडे सीनेच्या रोखाने निघाली.

सोलापूरच्या भोवतालची जमीन ज्याने पाहिली आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. आज मंगळवेढ्याकडे जाताना तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडावी लागते. तिथपर्यंतचा प्रदेश सपाट आहे, आणि मे महिन्यात शेतात पीक नसते, ओढे कोरडे असतात, आडोसा धरावा अशी झाडी किंवा घळ सापडत नाही. प्रिट्झलर ड्रॅगून स्वार आणि घोड्यांच्या चालीने धावणाऱ्या हलक्या तोफा घेऊन पाठीवर निघाला आणि सोलापूरपासून काही मैलांवर त्याने या फौजेला गाठले. शिस्तीत चौक बांधून मागे सरणारे पायदळ घोडदळाला दूर ठेवू शकते, पण तसे करायला हुकूम आणि हुकूम ऐकण्याची सवय दोन्ही लागतात. हलक्या तोफांनी फळी फोडायची, विस्कळीत झालेल्या लोकांत स्वारांनी घुसायचे, पुन्हा तोफा पुढे आणायच्या, असा क्रम रात्र पडेपर्यंत चालला. शेकडो लोक कापले गेले, उरलेले हत्यारे टाकून चहूबाजूंना पांगले. इंग्रजांचे नुकसान साऱ्या वेढ्यात, जखमी धरूनही, शंभराच्या आसपासच राहिले.

हे लोक कोण होते हे विसरून चालणार नाही. यात अरब होते, उत्तरेकडचे हिंदुस्थानी होते, आणि दख्खनच्या गावागावांतून चाकरीला आलेले मराठी शिपाई होते. सोलापुरात 1931 साली फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावे प्रत्येकाच्या ओठांवर आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. सीनेच्या वाटेवर पडलेल्या या शिपायांची आठवण मात्र गावात कोणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तट फुटतो

पुढचा भाग तंत्राचा आहे आणि थोडक्यात सांगता येतो. पेठ हाती आल्यामुळे मन्रोला तटाजवळ तोफांचे मोर्चे बांधता आले. त्याच्याजवळच्या अवजड तोफा मोजक्याच होत्या, पण त्यांत अठरा पौंडी गोळा फेकणाऱ्या लोखंडी तोफा होत्या. पंचधातूची तोफ सतत डागली की तापून तिची नळी मऊ पडते. बिडाची तोफ दिवसभर एकाच वेगाने चालवता येते. सुमारे आठ किलोचा लोखंडी गोळा तटाच्या खालच्या भागावर, त्याच ठिकाणी, पुनःपुन्हा आपटत राहिला की आधी दर्शनी दगड निखळतात, मग आतली भरणी ओघळते, आणि शेवटी वरचा भाग स्वतःच्या वजनाने कोसळून त्याच ढिगाऱ्याचा चढ तयार होतो. खंदकामुळे सुरुंग अडला होता, शिडी अडली होती. दुरून येणारा गोळा अडवण्याचा उपाय त्या बांधणीत नव्हता. 14 तारखेपर्यंत बाहेरच्या तटाला चढून जाण्याजोगे खिंडार पडले.

पण आतला तट अजून शाबूत होता, आणि ज्या दुहेरी तटासाठी हा किल्ला प्रसिद्ध होता त्याची कसोटी आता लागायची होती. खिंडारातून येणाऱ्या शत्रूला मधल्या पट्टीत कोंडून मारण्यासाठीच ती सगळी रचना होती. शिबंदीने ती कसोटी होऊ दिली नाही. जिवाची आणि खाजगी मालमत्तेची हमी घेऊन 15 मेच्या सकाळी ती बाहेर पडली. हजारभर लोकांनी चार दिवसांपूर्वी पाच हजारांची फौज तटावरून पाहता पाहता नाहीशी होताना पाहिली होती. मदतीला येईल असे कोणी उरले नव्हते, पगार देणारा धनी कुठे आहे हे कळत नव्हते, आणि वकिलाला मारल्यानंतर हल्ल्याने किल्ला पडला तर दया मिळणार नाही हेही उघड होते. बेळगावच्या शिबंदीला असे काही पाहावे लागले नव्हते. तिने आपल्या बळावर हिशेब केला आणि तीन आठवडे काढले. सोलापुरात बाहेरची फौज किल्ल्याचा आधार म्हणून आली होती, पण तिच्या पराभवाने आतल्या लोकांचा धीर जितका खचला तितका तोफांनी खचला नाही.

दुसरे काय करता आले असते

गणपतरावाने मन्रो येण्याआधीच सोलापूर सोडायला हवे होते, असे म्हणणे सोपे आहे. पण तोफगाडे घेऊन तो जाणार कुठे? पश्चिमेकडची ठाणी इंग्रजांकडे, पूर्वेला त्यांच्याशी तैनाती फौजेचा करार केलेल्या निजामाचा मुलूख, दक्षिणेकडून मन्रो स्वतः येत होता. राहिली उत्तर, आणि तिथेही बाजीरावाच्या मागावर पलटणी होत्याच. सोलापूरला थांबण्याचा निर्णय मला समर्थनीय वाटतो.

थांबायचेच होते तर पेठेचा प्रश्न आधी सोडवायला हवा होता. वेढ्याआधी किल्ल्यालगतची घरे पाडून मैदान मोकळे करणे ही जुनी, निष्ठुर पण परिणामकारक रीत होती. ती नको असेल, आणि आपल्याच रयतेच्या घरांना हात लावायला सरदार कचरला असेल तर ते समजण्यासारखे आहे, मग पेठेच्या तटावर नावाजलेले अरब पुरेशा संख्येने बसवून पहिली लढाई तिथेच द्यायला हवी होती. तळ्याच्या बांधामागे बसलेले बहुसंख्य पायदळ 10 तारखेच्या पहाटे पेठेसाठी लढलेच नाही. जी तुकडी लढली ती पेठ जवळजवळ गेल्यावर, बाहेरून आणि थोडक्या बळाने लढली. एक-दोन दिवस आधी, पेठेच्या आतून आणि साऱ्या फौजेनिशी हाच त्वेष दाखवता आला असता तर मन्रोला पाऊस आणि किल्ला या दोघांशी एकाच वेळी लढावे लागले असते.

किल्ल्यात आणि मैदानावर मिळून पेशव्यांच्या डझनावारी तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. तोफखाना म्हणून जे काही पुणे दरबाराजवळ होते ते इथे संपले. याच सुमारास रायगडही पडला. बाजीरावाच्या घोडदळाचा 17 एप्रिललाच शिवणीजवळ मोड झाला होता. सोलापूर गेल्यावर परत येऊन उभे राहावे अशी जागा किंवा फौज त्याला दख्खनेत उरली नाही. 3 जून 1818 रोजी तो असीरगडाजवळ इंग्रज सेनाधिकारी जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्याबरोबर उरलेल्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्याच तंबूला वेढा घातला. तो उठवायला माल्कमला मध्ये पडावे लागले.